खिडकी क्रमांक तीन आणि निळं पुस्तक

माझ्या आत्याला काहीही विचारा, उत्तराच्या आधी तिचा प्रश्न येतो: "वाचलंत का?" यातल्या 'वाचलंत'ला चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरतो आणि 'का'ला ती चष्म्याच्या वरून बघते. मी हे आरशासमोर कितीतरी वेळा करून पाहिलंय. चष्मा जमतो. ती नजर काही केल्या जमत नाही. घरीही तेच. बाबांनी जेवताना विचारलं, "ताई, भाजीत मीठ कमी आहे का गं?" की ही म्हणणार, "चाखलीस का?"

आत्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर बसते. गेली बावीस वर्षं. मास्टर्स आणि पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी तिच्यापुढे उभं राहावं लागतं. पूल बांधणारे, टर्बाइन फिरवणारे, यंत्रमानवाला चालायला शिकवणारे असे एकेक धुरंधर, पण त्या खिडकीशी आले की सगळ्यांचा आवाज एकदम पाचवीतल्या मुलासारखा होतो. "मॅडम, सरासरी जराशी घसरलीय, काढून टाकतील का?" "मॅडम, गाईड बदलता येतो का? म्हणजे, त्यांना न कळता?" "मॅडम, आधीच्या विद्यापीठातले क्रेडिट धरणार ना?" आत्या चष्मा घसरवते, तो प्रश्न विचारते, आणि मग नियमपुस्तिका न उघडताच सांगते, "पान सदतीस, वरून चौथी ओळ. वाचा आणि या. मी इथंच आहे, कुठं पळून जात नाही."

आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असते आणि माझी शाळा विद्यापीठाच्या समोर. त्यामुळे शाळा सुटली की मी तिच्या कपाटामागच्या बाकावर बसून अभ्यास करते. करते म्हणजे वही उघडी असते. कान खिडकीकडे.

शेजारच्या खिडकी चारवर एक काका आहेत. त्यांना सगळे 'सर्व्हर' म्हणतात, कारण कुणी काही मागितलं की ते मान न उचलता म्हणतात, "सर्व्हर स्लो आहे." परवा त्यांच्याकडे कुणीतरी टाचणी मागितली तरी ते तेच म्हणाले. आत काचेच्या केबिनमध्ये उपकुलसचिव साहेब. ते नाही म्हणायच्या आधी "तत्त्वतः" म्हणतात. "तत्त्वतः तुमचं म्हणणं बरोबर आहे," एवढं ऐकलं की समजायचं, काम झालं नाही.

आता आत्याची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे घडलं. इतर खिडक्यांवर अर्ज अपूर्ण असला की तो परत सरकवतात. एखादी सही नाही, एखादा कागद नाही, तर पूर्ण करून आणा. आत्या अर्ज परत करत नाही. समोर आला की आधी 'आवक'चा जांभळा शिक्का, त्यात तारीख, खाली तिची आद्याक्षरं. मग कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिणार, काय राहिलंय ते. आणि तो अर्ज बुटांच्या एका खोक्यात जाणार, ज्यावर तिनं 'अर्धवट' असं लिहिलंय. दर शुक्रवारी ती खोका उघडते आणि एकेकाला फोन करते. "तुमची सही राहिलीय. हो, तुमचीच. तुम्ही स्वतःची सही करायला विसरलात."

सर्व्हर काकांनी एकदा विचारलं, "मॅडम, कशाला डोक्याला ताप? परत द्यायचा की."

"माणूस खिडकीशी आला ती तारीख त्याची," आत्या म्हणाली. "ती त्याच्याकडून काढून घ्यायला मी कोण?"

तर एका मंगळवारी काँक्रीटताई आली. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण कार्यालयात तिला सगळे काँक्रीटताईच म्हणतात. सहा वर्षं ती एकच गोष्ट बघतेय: काँक्रीटवर ओझं ठेवून दिलं तर ते वर्षभरात किती दबतं आणि मग किती जोर लावल्यावर फुटतं. त्यासाठी तिनं ठोकळे ओतलेत. वीतभर लांब, वीतभर रुंद. त्यातले शेवटचे बारा ठोकळे बरोब्बर तीनशे पासष्टाव्या दिवशी फोडायचे होते, आणि त्या दिवसाला अजून चार महिने होते. आदल्या दिवशी तिला पत्र आलं होतं. संगणकानं पाठवलेलं, सहीसुद्धा नसलेलं. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, ती या महिनाअखेर संपते, तेव्हा नोंदणी रद्द होईल.

"मॅडम, माझं एक सत्र रजेचं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, घोगरा, ठोकळे उचलून उचलून तसा झाला असावा. "दीड वर्षापूर्वी. बाबा दवाखान्यात होते तेव्हा. रजा धरली तर मला अजून सहा महिने मिळतात."

आत्यानं संगणकात पाहिलं. "रजेची नोंद नाही."

"पण मी अर्ज दिला होता. तुमच्याकडेच. गाईडची सही नव्हती, सर परदेशात होते. तुम्ही म्हणालात, ठेवून जा, सहीचं मी बघते."

"माझ्याकडे आला असता तर खोक्यात असता. खोक्यातून संगणकात गेला असता." आत्या इतक्या शांतपणे बोलत होती की मलाच वाटलं, काँक्रीटताई खोटं बोलतेय. "माझ्याकडे आलेला कागद हरवत नाही हो."

"मग मी सहा महिने कुठं होते मॅडम? फिरायला?"

काँक्रीटताईनं पत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. "ते ठोकळे आता कुणी फोडणार नाही," ती म्हणाली. "प्रयोगशाळेतून बाहेर काढून टाकतील. बाहेर बाग आहे ना, तिथं कडेला लावतील, बसायला." आणि ती गेली.

त्या दिवशी आत्या जेवताना गप्प होती. आमच्याकडे जेवताना गप्प राहणं म्हणजे ताप आल्यासारखं आहे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आणि त्यांना गप्प माणूस दिसला की ते लिफ्टबद्दल बोलायला लागतात.

"आज काय झालं सांगू का ताई? एक पोरगा आलाय तपासणीला, नवाकोरा. म्हणतो, ह्या लिफ्टला दोन सेन्सर नाहीत, बंद करा. मी म्हटलं, बाळा, लिफ्ट कधीची आहे? तीस वर्षांपूर्वीची. मग तिला त्या वर्षीचा नियम लागतो. ज्या वर्षी बसवली त्या वर्षीचा. नवा नियम नव्या लिफ्टला. तू काय सगळ्यांना एकाच पुस्तकानं…"

आत्याचा घास हातातच राहिला.

"काय गं? मीठ कमी आहे का?"

"ती आली सहा वर्षांपूर्वी," आत्या म्हणाली.

"कोण?"

"आणि पुस्तक बदललं दीड वर्षापूर्वी." मग ती भराभरा जेवली आणि उठली.

इथं दोन पुस्तकांबद्दल सांगायला हवं. दीड वर्षापूर्वीपर्यंत कार्यालयात निळ्या पुठ्ठ्याची नियमपुस्तिका होती. मग हिरवी आली. हिरवीतलेच नियम संगणकात घातले आणि निळ्या पुस्तकांची रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. नियमाच्या बाबतीत सगळ्यांचं पान न् पान चुकवणारी, आपलं, सगळ्यांचं चुकलेलं पान दाखवणारी माझी आत्या हिरवी पुस्तिका पाठ म्हणू शकते. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ती हिरव्या पुस्तिकेचं अगदी शेवटचं पान उघडून बसली होती, जिथं छापखान्याचा पत्ता असतो. त्याच्या वर बारीक अक्षरात एक ओळ होती. तिनं ती बोटानं वाचली. "विद्यार्थ्याला त्याच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेले नियम पदवी मिळेपर्यंत लागू राहतील."

"निळ्यात हे पहिल्या पानावर होतं," ती म्हणाली. मला नाही, पुस्तकाला. "यांनी शेवटी टाकलं."

मग ती स्टुलावर चढली आणि कपाटावरून निळं पुस्तक काढलं. तिचं स्वतःचं, कडेनं सेलोटेप लावलेलं. धूळ फुंकली, खाली उतरली, रजेचं चौदावं कलम काढायला बोट घातलं, आणि पुस्तक आपोआप तिथंच उघडलं. कारण तिथं खूण होती. चार घड्या घातलेला एक कागद.

तिनं घड्या उलगडल्या. जांभळा शिक्का. 'आवक'. दीड वर्षापूर्वीची तारीख. खाली तिची आद्याक्षरं. कोपऱ्यात पेन्सिलीनं: 'गाईडची सही राहिली. परदेशी. कलम बघून मेल करणे.'

कलम बघायला पुस्तकात घातला, आणि त्याच आठवड्यात हिरवं पुस्तक आलं. त्या शुक्रवारी खोका उघडला तेव्हा हा कागद खोक्यात नव्हताच.

आत्या स्टुलावर बसली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा चष्मा घसरलेला नसताना तिला खाली बघताना पाहिलं. मग ती स्वतःशीच, पण अगदी त्याच ठेक्यात म्हणाली, "वाचलंत का?"

सर्व्हर काका खुर्ची सरकवत आले. काकांना गडबडीचा वास लांबून येतो. त्यांनी कागद पाहिला, शिक्का पाहिला, केबिनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, सोपं आहे. हा फाडून टाका. पोरीकडून नवा अर्ज घ्या, गाईडची सही घ्या, मागची तारीख टाका. कुणाला कळतंय? म्हणायचं, सर्व्हरनं खाल्ला."

"तारीख मागे सरकवायची असती तर शिक्का कशाला ठेवला असता?" आत्या म्हणाली. "पेन पुरलं असतं की."

"अहो, पण तुमचं नाव येईल."

"आलंच आहे. हे बघा, खाली आहे. आद्याक्षरं." आणि ती उठली. उठली ती परत नेहमीची आत्या होऊन. तिनं काँक्रीटताईला फोन लावला. "मी खिडकी तीनवरून बोलतेय. तुमचा अर्ज सापडला. माझ्याकडेच होता. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. शुक्रवारी समितीपुढे यायचं. रडताय काय? रडायचं काही नाही त्यात, कागद आहे." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझी वही उलटी आहे."

शुक्रवारपर्यंत ती निळं पुस्तक घेऊन संगणकासमोर बसली आणि काहीतरी यादी करत राहिली. विचारलं तर म्हणाली, "गप अभ्यास कर."

शुक्रवारच्या सुनावणीला मी नव्हते. पण त्या संध्याकाळी ती सुनावणी आमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा झाली. आत्या गोष्ट सांगताना सगळ्यांना एकाच आवाजात बोलायला लावते, स्टेशनवरच्या घोषणेसारखं, त्यामुळे आवाज मी लावले आणि ती चुका काढत होती. काँक्रीटताईही आली होती, ती पोट धरून हसत होती आणि मधेमधे "अगदी! अगदी!" म्हणत होती. त्यामुळे हे खरं धरायला हरकत नाही.

समितीत तिघं. डीन मॅडम, ज्या एका शब्दाच्या वर बोलत नाहीत. तत्त्वतः साहेब. आणि काँक्रीटताईचे गाईड, ज्यांना विद्यार्थी 'बघू सर' म्हणतात.

"मुद्दा?" डीन मॅडम म्हणाल्या.

आत्यानं अर्ज टेबलावर ठेवला. "हा रजेचा अर्ज. दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आला. नोंद व्हायची राहिली. ती झाली तर यांची मुदत सहा महिन्यांनी वाढते."

"तत्त्वतः," साहेब म्हणाले ("जरा नाकातून म्हण," आत्यानं मला सांगितलं), "तत्त्वतः तुमचं म्हणणं बरोबर आहे. परंतु नियमानुसार रजेचा अर्ज सत्र सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी, सर्व सह्यांसह, परिपूर्ण असा…"

"तो हिरव्यातला नियम साहेब. या आल्या निळ्याच्या वेळी. यांना निळं लागतं."

"असं कुठं लिहिलंय?"

"हिरव्यातच. शेवटचं पान. छापखान्याच्या वर." आणि इथं, काँक्रीटताई सांगते, आत्यानं चष्मा घसरवला नाही. "मीसुद्धा परवाच वाचलं."

साहेबांनी पान उलटलं. वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं, पहिल्यांदा वेगळं दिसलं असेल म्हणून.

"निळ्याचं कलम चौदा, पोटकलम तीन," आत्या म्हणाली. "रजा अर्ज आल्याच्या तारखेपासून धरावी. मार्गदर्शकाची सही नंतर घेतली तरी चालेल."

"नंतर म्हणजे किती नंतर? दीड वर्ष?"

"मर्यादा लिहिलेली नाही. असती तर मी आले नसते." तिनं अर्ज बघू सरांपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"हां… म्हणजे… आत्ता?" बघू सर म्हणाले. "बघू की… म्हणजे तेव्हा मी तिकडं होतो… ती रजेवर होती हे खरंय… पण…"

"सर!" काँक्रीटताईला राहवलं नाही. "तुम्हीच मला मेलवर लिहिलं होतंत, वडिलांची काळजी घे, काँक्रीट कुठं पळून जात नाही!"

"लिहिलं होतं का? हां. लिहिलं असेल. चांगलंय वाक्य." आणि त्यांनी सही केली. आजची तारीख घालून, कारण आत्या बोट ठेवून उभी होती.

"एक प्रश्न राहतो," साहेब म्हणाले. "हा कागद दीड वर्ष होता कुठं?"

"माझ्या पुस्तकात. खूण म्हणून घातला आणि विसरले. लिहून आणलंय." तिनं दुसरा कागद ठेवला. "ताकीद द्यावी लागेल, त्याचा मसुदाही जोडलाय. तुमची सही फक्त हवी. तुमच्या मसुद्यात नेहमी कलम चुकतं म्हणून मीच केला."

इथं डीन मॅडम हसल्या म्हणे. मी ते हसू करून दाखवलं, तर आत्या म्हणाली, "एवढं नाही. ओठ फक्त."

"आणि तिसरा कागद," आत्या म्हणाली. ती यादी. "निळ्याच्या वेळी आलेले एकतीस विद्यार्थी अजून इथं आहेत. संगणक त्या सगळ्यांना हिरवं लावतोय. यातल्या चौघांना पुढच्या महिन्यात असंच पत्र जाईल. पत्रं थांबवावीत. नोंदी मी हातानं तपासते, सहा आठवडे लागतील."

साहेब म्हणाले, "तत्त्वतः…" आणि डीन मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या एकदम चार शब्द बोलल्या. त्यांच्या मानानं ते भाषणच. "रजा मंजूर. पत्रं थांबवा."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. "ताई, ताकीद मिळाली की फ्रेम करू."

"सेवापुस्तकात जाते ती. भिंतीवर नाही," आत्या म्हणाली, आणि काँक्रीटताईला आणखी वाढलं.

चार महिन्यांनी ठोकळे फोडायच्या दिवशी काँक्रीटताईनं आम्हा दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. प्रत्येक ठोकळ्यावर ओला असतानाच खिळ्यानं तारीख कोरलेली होती. आत्यानं बाराच्या बारा तारखा वाचल्या, बोटावर दिवस मोजले आणि मान डोलावली, जणू ठोकळेच अर्ज घेऊन आलेत. मशीनच्या जबड्यात पहिला ठोकळा बसवला. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि मग असा आवाज झाला की मी काँक्रीटताईच्या मागे गेले. आत्या जागची हलली नाही. "दबला किती?" तिनं विचारलं. काँक्रीटताईनं सांगितलं. "आणि फुटला किती जोरावर?" तेही सांगितलं. "अंदाजापेक्षा जास्त की कमी?"

"जास्त, मॅडम. बराच जास्त."

"मग लिहा," आत्या म्हणाली.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला दोन महिन्यांना एक आठवडा कमी लागला. मुदत संपायच्या सहा दिवस आधी, चार वाजायला दहा मिनिटं असताना काँक्रीटताई खिडकीशी आली. हातात प्रबंध, जाडजूड, बाइंडिंगच्या गोंदाचा वास येणारा. दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला काँक्रीटचा एक तुकडा, ज्यावर तारखेचा अर्धा भाग शिल्लक होता. तो तिनं खिडकीच्या आत ठेवला.

आत्यानं आधी प्रबंधाचा अर्ज घेतला, पानं उलटली. "ग्रंथालयाचं पत्र कुठंय?"

काँक्रीटताईचा चेहरा उतरला. "उद्या देतो म्हणाले."

सर्व्हर काका लगेच म्हणाले, "सिस्टीम अपूर्ण घेत नाही हां मॅडम."

"सिस्टीमला घ्यायचा तेव्हा घेईल. खिडकीनं घेतला." ठप्प. जांभळा शिक्का, तारीख, आद्याक्षरं. कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ओळ. मग कुठल्याही पुस्तकाकडे न वळता तिनं अर्ज सरळ 'अर्धवट'च्या खोक्यात ठेवला, त्यावर तो काँक्रीटचा तुकडा ठेवला आणि तिथल्या तिथं ग्रंथालयाला फोन लावला. पत्र अर्ध्या तासात आलं. शिपाई धापा टाकत आला होता.

ठेवलेला अर्ज काढून तिनं पत्र टाचलं, संगणकात चढवलं, पोचपावती छापली आणि खिडकीतून दिली.

"झालं. जा आता, घरी जा गं. झोप जरा."

काँक्रीटताई पावती धरून तिथंच उभी. साडेसहा वर्षांत आत्यानं तिला 'तुम्ही' सोडून काही म्हटलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही मला 'गं' म्हणालात."

"मग?" आत्यानं चष्मा घसरवला आणि वरून बघितलं. "अर्ज पूर्ण आहे तुझा."